व्हिटॅमिन ई त्वचेवर लावताना: उन्हापासून डीएनए वाचवण्याची रीत

व्हिटॅमिन ई चेहऱ्याला लावणारे पुष्कळ आहेत. पण ते कोणत्या रूपात लावले, केव्हा लावले आणि त्याच्यावर काय लावले, यावरच त्याचा उपयोग ठरतो. कॅप्सूल टोचून तेल चोळणे आणि नीट बनवलेले सीरम सकाळी लावणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली खपतात. पहिल्या प्रकारात बहुतेक वेळा चेहरा तेलकट होण्यापलीकडे काही घडत नाही. दुसऱ्या प्रकारात उन्हाने पेशींच्या डीएनएला होणारी इजा खरोखर कमी होऊ शकते, आणि प्रयोगांमध्ये ती मोजली गेली आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकायला हवी. ई जीवनसत्त्व सनस्क्रीनची जागा घेत नाही. ते सनस्क्रीनच्या खाली लावायचे असते. सनस्क्रीनमधून जे किरण आत येतातच, त्यांनी सुरू केलेली रासायनिक मोडतोड थांबवण्यासाठी ते उपयोगी पडते. ज्यांना रोज एकच बाटली वापरायची आहे त्यांनी ती सनस्क्रीनचीच घ्यावी.

उन्हाने डीएनएला नेमके काय होते

हे समजून घेतले तर पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप पटतात, म्हणून इथे जरा थांबू.

सूर्याच्या अतिनील किरणांचे तरंगलांबीनुसार तीन गट केले जातात. १०० ते २८० नॅनोमीटरचे यूव्हीसी किरण वातावरणातच अडतात. २८० ते ३१५ नॅनोमीटरच्या यूव्हीबीचा थोडा भाग जमिनीपर्यंत येतो. ३१५ ते ४०० नॅनोमीटरचे यूव्हीए मात्र भरपूर येतात. आपल्यापर्यंत पोहोचणाऱ्या अतिनील किरणांपैकी सुमारे ९५ टक्के यूव्हीए असतात.

यूव्हीबी कमी असले तरी डीएनए ते थेट शोषून घेतो. डीएनएच्या साखळीत शेजारी शेजारी दोन थायमिन किंवा सायटोसिन (डीएनएची ‘अक्षरे’) आले असतील, तर किरणाची ऊर्जा मिळताच ते एकमेकांना रासायनिक बंधाने जोडले जातात. या जोडाला डायमर म्हणतात. पुस्तकाची दोन पाने डिंकाने चिकटली की वाचणारा तिथे अडतो किंवा अंदाजाने काहीतरी वाचून पुढे जातो. पेशी आपल्या डीएनएची नक्कल करते तेव्हा डायमरपाशी असेच होते. चुकीचे अक्षर बसते आणि ती चूक पुढच्या सगळ्या पेशींमध्ये उतरते. त्वचेच्या कर्करोगात, पेशींची बेसुमार वाढ रोखणाऱ्या पी५३ या जनुकात सायटोसिनच्या जागी थायमिन आलेले वारंवार सापडते. ती उन्हाचीच खूण असते.

यूव्हीएचे काम अधिक करून आडमार्गाने चालते. हे किरण त्वचेतल्या इतर रेणूंना उत्तेजित करतात आणि त्यातून ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे तयार होतात. ती डीएनएमधल्या ग्वानिन या अक्षराचे ऑक्सिडीकरण करतात आणि पेशीच्या पडद्यातल्या मेदाला साखळीने नासवत जातात. यूव्हीएमुळे काही प्रमाणात डायमरही बनतात. शिवाय यूव्हीए त्वचेत खोलवर जातात, आणि त्वचा लाल होत नसल्यामुळे इजा झाल्याचे कळतही नाही.

शरीर गप्प बसत नाही. बिघडलेल्या जागेभोवतीचा सुमारे तीस अक्षरांचा तुकडा कापून काढायचा आणि नवा भरायचा, अशी दुरुस्तीची यंत्रणा प्रत्येक पेशीत आहे. डीएनए दुरुस्तीच्या अभ्यासासाठी टोमास लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ सँकार यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांतल्या सँकार यांचे काम याच कापून भरण्याच्या पद्धतीवरचे होते. पण ही दुरुस्ती सावकाश चालते. एका दिवसानंतरही बरेच डायमर तसेच राहिलेले असतात, आणि तोवर दुसऱ्या दिवशीचे ऊन येते. रोजची इजा कमी करणे महत्त्वाचे आहे ते यासाठी.

२०१५ मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली, आणि मला ती या विषयातली सर्वांत महत्त्वाची वाटते. मेलॅनिन हे त्वचेचे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींवर अतिनील किरण सोडून मग त्या अंधारात ठेवल्या, तरी तीन तासांहून अधिक काळ त्यांच्यात नवे डायमर बनत राहिले. किरणांमुळे सुरू झालेल्या रासायनिक क्रियेत मेलॅनिनचे तुकडे ऊर्जेने भारले जातात आणि ती ऊर्जा डीएनएवर उतरते. म्हणजे सावलीत आलो की इजा थांबली, असे नसते. आणि ही अंधारातली इजा रासायनिक असल्याने ती अडवायला किरण गाळणारे सनस्क्रीन पुरत नाही. तिथे ऑक्सिडीकरण रोखणारा पदार्थ लागतो.

ई जीवनसत्त्व कुठे मदत करते आणि कुठे नाही

ई जीवनसत्त्व हा एकच पदार्थ नाही. चार टोकोफेरॉल आणि चार टोकोट्रायनॉल अशी त्याची आठ रूपे आहेत. त्वचेसाठी सर्वांत जास्त अभ्यासले गेले ते अल्फा-टोकोफेरॉल. ते मेदात विरघळते, त्यामुळे पेशीच्या पडद्यात जाऊन बसते. मेदाच्या नासण्याची साखळी सुरू झाली की स्वतःचा हायड्रोजन देऊन ती तोडते. तसे करताना ते स्वतः खर्ची पडते. जवळ क जीवनसत्त्व असेल तर ते त्याला पुन्हा कामाचे बनवते. त्यामुळे ही जोडी एकेकट्यापेक्षा चांगले काम करते.

त्वचेच्या तेलग्रंथींमधून ई जीवनसत्त्व नैसर्गिकरीत्याच वरच्या थरात येत असते. पण त्वचा लाल होण्याइतकेही ऊन लागलेले नसताना त्याचा साठा घटू लागतो. बाहेरून भर घालण्यामागचा तर्क इथे आहे.

आता पुरावा. १९९७ मध्ये उंदरांच्या त्वचेवर अल्फा-टोकोफेरॉल लावून यूव्हीबी किरण सोडले, तेव्हा थायमिन डायमर कमी झाल्याचे दिसले. २०१८ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या गटाने प्रयोगशाळेत वाढवलेल्या त्वचापेशींवर यूव्हीए वापरून पाहिले. ई जीवनसत्त्व किरणांच्या आधी दिले तरी आणि नंतर दिले तरी ऑक्सिडीकरणाची इजा व डायमर, अंधारातले डायमरसुद्धा, घटले. नंतर देऊनही फरक पडला, याचा अर्थ ते केवळ किरण अडवून काम करत नव्हते.

त्याची किरण अडवण्याची ताकद तशी फारच थोडी आहे. अल्फा-टोकोफेरॉल सर्वांत जास्त शोषते ते २९२ नॅनोमीटरच्या आसपास, आणि जमिनीवर पोहोचणाऱ्या उन्हाची सुरुवातच जवळपास तिथून होते. उरलेल्या यूव्हीबीचा थोडासा भाग आणि जवळजवळ सगळे यूव्हीए त्यातून सरळ पार होतात. म्हणूनच ई जीवनसत्त्वाच्या तेलावर विसंबून उन्हात जाणाऱ्यांबद्दल मला काळजी वाटते.

पायरी १: आपल्या वाट्याला किती ऊन येते ते पाहा

हवामानाच्या अंदाजात अतिनील निर्देशांक दिलेला असतो. तो ३ किंवा त्याहून जास्त असेल तर संरक्षण हवे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. ८ च्या पुढे गेला तर दुपारचे बाहेर राहणेच टाळावे. आकडा हाताशी नसेल तर आपली सावली पाहा. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर अतिनील किरण तीव्र आहेत.

उन्हाची उष्णता आणि अतिनील किरण यांचा थेट संबंध नाही, हे लक्षात असू द्या. थंड हवेच्या उंच जागी किरण अधिक तीव्र असतात. दर हजार मीटरला ते साधारण १० टक्क्यांनी वाढतात. ताज्या बर्फावरून ८० टक्क्यांपर्यंत परावर्तन होते. पातळ ढगांमधून बरेचसे किरण खाली येतात. खिडकीची साधी काच यूव्हीबी जवळपास पूर्ण अडवते, पण यूव्हीएचा मोठा भाग आत सोडते. दिवसभर खिडकीशी बसून काम करणाऱ्यांनी किंवा गाडी चालवणाऱ्यांनी घरातच असतो म्हणून हे सोडून देऊ नये.

पायरी २: लेबलवर कोणते टोकोफेरॉल आहे ते वाचा

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. बाटलीवर पुढे मोठ्या अक्षरांत व्हिटॅमिन ई असे लिहिलेले असते. मागच्या घटकांच्या यादीत मात्र बहुतेक वेळा टोकोफेरिल अ‍ॅसिटेट असते.

अल्फा-टोकोफेरॉलच्या रेणूत ज्या टोकाशी त्याचे सगळे काम चालते, नेमके तेच टोक अ‍ॅसिटेट जोडून बंद केलेले असते. त्यामुळे तो पदार्थ बाटलीत खूप टिकतो, हवेने खराब होत नाही आणि उत्पादकाला सोयीचा पडतो. पण त्या रूपात तो मुक्त कणांना, म्हणजे वर सांगितलेल्या अतिक्रियाशील रेणूंना, अडवू शकत नाही. त्वचेतल्या विकरांनी अ‍ॅसिटेट कापून काढले तरच तो कामाला लागतो. हे कापणे मंद चालते, आणि वरच्या मृत थरात तर फारच कमी होते.

१९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या एका अभ्यासात टोकोफेरिल अ‍ॅसिटेट आणि टोकोफेरिल सक्सिनेट ही दोन्ही रूपे अतिनील किरणांनी होणारा त्वचेचा कर्करोग रोखू शकली नाहीत. त्याआधी त्याच प्रकारच्या प्रयोगात मुक्त, म्हणजे काहीही न जोडलेल्या, टोकोफेरॉलने तो कमी केला होता. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मान्य. तरीही पैसे खर्च करताना मी मुक्त रूपाच्याच बाजूने उभी राहीन.

म्हणून यादीत नुसते ‘टोकोफेरॉल’ किंवा ‘अल्फा-टोकोफेरॉल’ शोधा. नावाआधी ‘डी’ असेल तर ते नैसर्गिक रूप, ‘डीएल’ असेल तर कृत्रिम मिश्रण. त्वचेसाठी दोन्ही चालतात. ‘टोकोफेरिल’ने सुरू होणारी नावे म्हणजे जोडलेली, बंद केलेली रूपे. त्यांचा मऊपणासाठी उपयोग आहे, पण डीएनएच्या रक्षणासाठी त्यांच्यावर विसंबू नका.

दुसरी गोष्ट, यादीतले स्थान. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, मात्र १ टक्क्यापेक्षा कमी असलेले कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. कित्येक क्रीममध्ये टोकोफेरॉल केवळ त्यातली तेले खवट होऊ नयेत म्हणून किंचित घातलेले असते. उत्पादकाने प्रमाण उघड लिहिलेले असेल तर उत्तम. १ टक्का मुक्त टोकोफेरॉल हे प्रमाण अभ्यासांमध्ये वापरले गेले आहे. त्याहून कितीतरी जास्त घेतल्याने संरक्षण त्याच पटीने वाढते असे नाही, आणि त्वचा चिडण्याची शक्यता मात्र वाढते.

पायरी ३: एकटे ई घेण्यापेक्षा जोडी घ्या

डीएनएच्या रक्षणाबाबत सर्वांत भक्कम माहिती मिळते ती क आणि ई एकत्र असलेल्या द्रावणाची. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात शेल्डन पिनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बरेच काम केले. २००३ मध्ये त्यांनी डुकराच्या त्वचेवर, जी माणसाच्या त्वचेशी पुष्कळ मिळतीजुळती असते, १५ टक्के एल-अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल (म्हणजेच क जीवनसत्त्व) आणि १ टक्का अल्फा-टोकोफेरॉल यांचे मिश्रण वापरले. संरक्षण चौपट झाले आणि थायमिन डायमरही घटले. २००५ मध्ये त्यात अर्धा टक्का फेरुलिक आम्ल (वनस्पतींत सापडणारा, ऑक्सिडीकरण रोखणारा पदार्थ) घातले तेव्हा द्रावण अधिक टिकाऊ झाले आणि संरक्षण आठपट झाले. २००८ मध्ये याच मिश्रणाचा प्रयोग माणसांवर झाला. चार दिवस रोज लावून मग किरण सोडले असता त्वचेतले थायमिन डायमर कमी आढळले. हा प्रयोग अवघ्या ९ जणांवरचा होता, त्यामुळे त्यावरून कर्करोग टळतो असे कुणी सांगत असेल तर ते खरे नाही. इजा कमी होते, एवढेच त्यातून म्हणता येते. तेही थोडके नाही.

तेव्हा सीरम निवडताना एल-अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल १० ते २० टक्के, टोकोफेरॉल १ टक्का आणि शक्य तर फेरुलिक आम्ल, असे पाहा. क जीवनसत्त्व त्वचेत शिरायचे तर द्रावण चांगलेच आम्ल, म्हणजे ३.५ पेक्षा कमी पीएचचे असावे लागते. नाजूक त्वचेला हे झोंबू शकते. अशा वेळी १० टक्क्यांपासून सुरुवात करा किंवा एक दिवसाआड लावा. ते सोसतच नसेल तर ओढून ताणून लावण्यात अर्थ नाही. चिडलेली त्वचा आपले रक्षण अधिकच वाईट करते.

कॅप्सूलबद्दल लोक सर्वांत जास्त विचारतात. त्या कॅप्सूल गिळण्यासाठी बनवलेल्या असतात. अनेक कॅप्सूलमध्ये टोकोफेरिल अ‍ॅसिटेटच असते आणि ते अतिशय दाट असते. ४०० एककांच्या कृत्रिम अ‍ॅसिटेटच्या कॅप्सूलमध्ये ४०० मिलिग्रॅम अ‍ॅसिटेट असते. चेहऱ्याला लागणाऱ्या प्रमाणाच्या मानाने हे अफाट आहे. ते वर चिकट थर होऊन बसते, मुरुमे येणाऱ्यांना त्रास देते आणि त्यावर सनस्क्रीन नीट धरत नाही. कोरड्या टाचांना लावा हवे तर. उन्हापासून रक्षणासाठी नको.

पायरी ४: आधी छोट्या जागी लावून पाहा

ई जीवनसत्त्व नैसर्गिक असल्यामुळे त्याची कुणालाच अ‍ॅलर्जी होत नाही, हा समज चुकीचा आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात शस्त्रक्रियेच्या व्रणांवर ई जीवनसत्त्व लावलेल्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश लोकांना संपर्काने त्वचादाह झाला, आणि बहुतेकांच्या व्रणांत काही सुधारणाही झाली नाही. १९९२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये टोकोफेरिल लिनोलिएट असलेल्या सौंदर्यप्रसाधनांमुळे शेकडो लोकांना पुरळ उठले होते.

कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागी दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावा. घाई करून एकाच दिवसात निकाल काढू नका. संपर्काची अ‍ॅलर्जी उशिरा दिसते. लाली, खाज, बारीक फोड दिसले तर ते उत्पादन तुमच्यासाठी नाही. ताज्या जखमेवर, टाक्यांवर किंवा भाजलेल्या जागी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

पायरी ५: सकाळचा क्रम

सौम्य फेसवॉशने किंवा नुसत्या पाण्याने चेहरा धुऊन कोरडा टिपून घ्या. चार-पाच थेंब सीरम हातावर घेऊन कपाळ, गाल, नाक, हनुवटी, मान आणि कानांच्या पाळ्या एवढ्या भागावर पसरवा. चोळू नका, दाबून लावा. हाताच्या पाठीलाही लावा, तिथे ऊन भरपूर पडते आणि तीच जागा राहून जाते. काही मिनिटे सुकू द्या. त्वचा कोरडी असेल तर मग हलके मॉइश्चरायझर, आणि शेवटी सनस्क्रीन.

हा क्रम उलटा करू नका. आणि सीरम किंवा तेल सनस्क्रीनमध्ये मिसळून एकदमच लावू नका. सनस्क्रीनचा एकसंध पातळ थर बसला तरच त्याचा एसपीएफ, म्हणजे बाटलीवर आकड्यात लिहिलेले संरक्षण, मिळतो. त्यात बाहेरचे तेल पडले की तो थर फाटतो, ठिकठिकाणी उघडी जागा राहते, आणि वरून तर सगळे नीट लावल्यासारखे दिसते.

संरक्षण पहिल्याच दिवशी पूर्ण मिळत नाही. डुकराच्या त्वचेवरच्या प्रयोगात क जीवनसत्त्वाची पातळी भरायला रोज लावून तीन दिवस लागले. एकदा भरल्यावर ती अर्ध्यावर यायला चार दिवस लागले. म्हणून समुद्रकिनाऱ्यावर किंवा डोंगरात जायचे असेल तर निघण्याच्या सकाळी बाटली उघडू नका, निदान चार-पाच दिवस आधीपासून लावा. एखादा दिवस चुकला तर मात्र काळजीचे कारण नाही.

मुरुमांसाठी बेन्झॉइल परॉक्साइड वापरत असाल तर ते रात्री लावा. ते स्वतः ऑक्सिडीकरण करणारे औषध आहे आणि त्वचेतले ई जीवनसत्त्व खर्च करते. रेटिनॉइड, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या गटातली औषधेही, रात्रीसाठीच ठेवा.

पायरी ६: सनस्क्रीन, आणि तेही पुरेसे

इथे हात आखडता घेतला तर वरची सगळी मेहनत वाया जाते. प्रयोगशाळेत एसपीएफ मोजताना त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम सनस्क्रीन लावतात. प्रत्यक्षात लोक त्याच्या पाव ते निम्मेच लावतात. मग बाटलीवर ५० लिहिलेले असले तरी चेहऱ्याला तेवढे मिळत नाही.

चेहरा आणि मान यांसाठी तर्जनी आणि मधले बोट यांच्या पूर्ण लांबीवर दोन रेघा काढा, तेवढे घ्या. उघड्या अंगाला सगळीकडे लावायचे तर मोठ्या माणसाला ३० मिलिलिटरच्या आसपास लागते. एसपीएफ ३० असलेले सनस्क्रीन पुरेसे लावले तर त्वचा लाल करणारे सुमारे ९७ टक्के किरण अडतात, ५० असेल तर ९८ टक्के. फरक छोटा दिसतो, पण माणसे कमी लावतात हे ध्यानात घेतले तर ५० घेणे शहाणपणाचे. एसपीएफ मुख्यतः यूव्हीबीचे मोजमाप आहे, म्हणून ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ हे शब्द किंवा पीए या यूव्हीएपासूनच्या संरक्षणाच्या खुणेपुढे तीन-चार अधिक चिन्हे आहेत का ते पाहा. बाहेर पडण्याआधी पंधरा मिनिटे लावा, दर दोन तासांनी पुन्हा, आणि घाम आला किंवा पोहून आलात तर लगेच.

सनस्क्रीनवर माझा भर आहे त्याला कारण आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या नॅम्बोर इथे १९९२ पासून साडेचार वर्षे १६०० हून अधिक लोकांवर प्रयोग झाला. ज्यांना रोज सनस्क्रीन लावायला सांगितले होते त्यांच्यात स्क्वेमस (त्वचेच्या वरच्या थरातल्या चपट्या) पेशींचा कर्करोग सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळला. पुढच्या पाठपुराव्यात मेलॅनोमा, म्हणजे मेलॅनिन बनवणाऱ्या पेशींचा कर्करोगही, कमी दिसला. माणसांमध्ये कर्करोगावरचा असा पुरावा ई जीवनसत्त्वाच्या कोणत्याही सीरमकडे नाही.

टोपी, लांब बाह्या आणि दुपारची सावली ही तर सनस्क्रीनपेक्षाही भरवशाची. ती पुसली जात नाहीत आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावी लागत नाहीत.

पायरी ७: उन्हातून आल्यानंतर

अंधारात बनणाऱ्या डायमरबद्दल वर सांगितले ते इथे कामाला येते. उन्हातून आल्यावर पहिले तीन तास तरी रासायनिक क्रिया चालूच असते. त्या वेळी मुक्त टोकोफेरॉल असलेले हलके लोशन लावण्यात तथ्य असू शकते, कारण पेशींवरच्या प्रयोगात नंतर दिलेल्या ई जीवनसत्त्वाचाही उपयोग दिसला. माणसांवर हे सिद्ध झालेले नाही. पण त्वचेला ते सोसत असेल तर लावायला हरकत नाही, आणि मी ते लावण्याच्या बाजूची आहे.

आधी मात्र गार पाण्याने त्वचा थंड करा, घाम आणि सनस्क्रीन धुऊन टाका. त्वचा लाल होऊन तापली असेल तर आम्लयुक्त क जीवनसत्त्वाचे सीरम त्या दिवशी लावू नका, दाट तेलही नको. फोड आले, ताप किंवा मळमळ असली तर डॉक्टरांकडे जावे. उन्हाने त्वचा भाजून निघालेली असेल तर डीएनएची इजा होऊन गेलेली आहे. लोशनने आग कमी होते, ती इजा पुसली जात नाही.

बाटली सांभाळणे

ही द्रावणे हवा, उजेड आणि उष्णता यांनी बिघडतात. गडद काचेची किंवा हवा आत न घेणाऱ्या पंपाची बाटली घ्या, झाकण लगेच लावा, थंड अंधाऱ्या जागी ठेवा. मोठ्या बाटलीपेक्षा दोन-तीन महिन्यांत संपेल अशी लहान बरी. फिकट पिवळसर द्रावण गडद तपकिरी झाले की त्यातले क जीवनसत्त्व गेले, टाकून द्या. तेलाला खवट वास आला तर तेही टाका, कारण नासलेले तेल त्वचेला चिडवते.

गोळ्या घेऊन हेच साधेल का

नाही, निदान या कारणासाठी घेऊ नयेत. त्वचेच्या वरच्या थरात जितके ई जीवनसत्त्व लावून पोहोचते तितके पोटातून पोहोचत नाही. आणि मोठ्या मात्रा निर्धोक नसतात. पुरुषांवरच्या ‘सिलेक्ट’ या मोठ्या चाचणीत रोज ४०० एकके घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगाचे प्रमाण १७ टक्क्यांनी जास्त निघाले. हा निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना रक्तस्रावाचा धोकाही वाढतो.

कोणी जास्त जपावे

डॉक्सिसायक्लिनसारखी काही प्रतिजैविके आणि हायड्रोक्लोरोथायाझाइडसारखी रक्तदाबाची औषधे त्वचेला उन्हाबाबत संवेदनशील करतात. अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांमध्ये त्वचेच्या कर्करोगाचा धोका खूप वाढतो. झिरोडर्मा पिगमेंटोसम या आनुवंशिक आजारात डायमर कापून काढण्याची यंत्रणाच निकामी असते. अशा सगळ्यांनी सीरमचा विचार नंतर करावा, आधी त्वचारोगतज्ज्ञांशी बोलून उन्हापासून कडक बचावाची आखणी करावी. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला काही लावण्यापेक्षा सावली आणि कपडे हेच योग्य.

गडद रंगाच्या त्वचेत मेलॅनिन जास्त असल्याने डायमर कमी बनतात, आणि खोलवरच्या पेशींना तर चांगलेच संरक्षण मिळते. पण ते संरक्षण पूर्ण नसते. वांग आणि काळे डाग वाढवण्यात यूव्हीए आणि दिसणारा प्रकाश यांचा हात असतो, त्यामुळे वांग असलेल्यांनी आयर्न ऑक्साइड असलेले, रंग येणारे सनस्क्रीन निवडावे.

महिन्यातून एकदा त्वचा पाहा

चांगल्या उजेडात, आरशासमोर, डोक्यापासून तळपायापर्यंत पाहा. पाठीसाठी घरातल्या कुणाची मदत घ्या. तळहात, तळपाय आणि नखांखालची जागा विसरू नका. गडद त्वचेच्या लोकांमध्ये मेलॅनोमा बहुधा तिथेच आढळतो आणि उशिरा लक्षात येतो. तिळाच्या दोन बाजू सारख्या नसणे, कडा वेड्यावाकड्या असणे, एकाच तिळात दोन-तीन रंग दिसणे, आकार ६ मिलिमीटरच्या पुढे जाणे किंवा काही आठवड्यांत बदलत जाणे, यांपैकी काहीही दिसले तर दाखवून घ्या. महिनाभरात न भरणारी, पुन्हा पुन्हा रक्त येणारी छोटी जखमही याच यादीत येते. अशा जागेवर ई जीवनसत्त्व, तेल किंवा दुसरे काही लावून बरे होण्याची वाट पाहू नका. डॉक्टरांनी ती जागा आहे तशी पाहू द्या, आणि गरज वाटल्यास तिचा तुकडा काढून तपासू द्या.